ते पान सरळच होतं

मी पत्त्यांचा कॅट आहे, पण माझ्याशी रमी खेळता येत नाही. एवढं आधीच सांगितलेलं बरं. कारण शिनोलीच्या या घरात मी पहिल्यांदा दिसलो तेव्हा सासूबाईंना, म्हणजे जानकाबाईंना, तेच वाटलं, आणि नवी सून पत्ते खेळते म्हणून त्यांचा अर्धा दिवस वाईट गेला.

मला टॅरो म्हणतात. माझ्यात राजे-राण्या आहेत, तलवारी आहेत, पेले आहेत. शिवाय नुसत्या चित्रांची पानं आहेत. कंदील घेऊन निघालेला म्हातारा, वीज पडलेला मनोरा, सिंहाचा जबडा धरून उभी असलेली बाई. दिल्लीकडच्या कुठल्याशा छापखान्यात माझा जन्म झाला. चित्रं मूळची परदेशातली, त्यांच्या नकलेची मी नक्कल, त्यामुळे माझ्यातली सगळी माणसं जराशी सर्दी झाल्यासारखी दिसतात. कुठल्या पानाचा अर्थ काय, हे सांगणारा बारीक अक्षरातला एक कागदही माझ्यासोबत आला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कपिलनं तो घडी करून डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली घातला. कपाट हलायचं थांबलं. त्या कागदाचा याहून दुसरा उपयोग मी तरी पाहिला नाही.

कपिल म्हणजे स्नेहाचा नवरा, आणि स्नेहा म्हणजे माझी मालकीण. ती मूळची राजुरीची. लग्नाआधी पुण्यात नोकरी करायची, हॉस्टेलवर राहायची. तिच्या खोलीतली उज्ज्वला रोज सकाळी एक पान काढून बघायची. लग्नात बाकीच्यांनी भांडी दिली, उज्ज्वलानं मला दिलं. देताना म्हणाली, "रोज एक काढ. पुढं काय होणार ते याला विचारू नको, याला काय कळतंय. आज आपल्याला काय होतंय तेवढं बघ."

माझ्याविषयी इतकं खरं कुणीच बोललं नव्हतं. नंतरही फारसं कुणी बोललं नाही.

सासरच्या घरात मला उघड्यावर ठेवणं शक्य नव्हतं. स्नेहाचे सासरे भागुजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सकाळी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून सगळ्यांनी मिळून वंदना म्हणायची, हा त्यांचा नेम. त्यांच्या वडिलांनी धर्मांतरानंतर घरातले देव टोपलीत घालून घोडनदीत सोडले, ही गोष्ट ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगतात. नव्या सुनेला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की या घरात नवस, अंगारा, दृष्ट, भविष्य यातलं काही चालणार नाही. तिच्या माहेरीही हेच होतं. तिनं मान हलवली आणि मला भाताच्या खोलीत, पोत्यांच्या मागं, जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवलं.

सकाळचा चहा झाला आणि स्वयंपाकाला लागायचं असलं, की मधल्या जरा वेळात ती तांदूळ काढायच्या निमित्तानं तिथं यायची. पोत्यावर बसायची, मला पिसायची, एक पान काढून मांडीवर ठेवायची. अर्थाचा कागद कपाटाखाली गेल्यामुळे तिला चित्राकडेच बघावं लागायचं, आणि तेच बरं झालं. कंदीलवाला म्हातारा आला तेव्हा ती पुटपुटली, "मी कुणाला शोधतेय?" कपिल चाकणच्या कंपनीत. शनिवारी रात्री यायचा, रविवारी झोपायचा, सोमवारी पहाटे जायचा. झाडाला एका पायानं उलटा टांगलेला माणूस आला त्या दिवशी ती बराच वेळ बसली. माझ्यातलं ते पान असंच आहे. ते सरळ धरलं की माणूस उलटा दिसतो. त्याला फाशी-बिशी दिलेली नाही. चेहरा शांत आहे, डोक्याभोवती उजेड आहे, नुसता लटकलेला आहे. "मीपण," ती म्हणाली. "ना तिकडची, ना इकडची." मग डोळे पुसून तांदूळ घेऊन गेली. भात त्या दिवशी चांगला झाला, असं ऐकलं.

नव्या नवरीला माणसं दिवसभर प्रश्न विचारतात. माहेरी फोन केला का, भाकरी जमते का, आमचा कपिल घोरतो का. उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न येतो. माझ्याकडे तिला उत्तराला वेळ मिळायचा. माझं काम एवढंच होतं, आणि मी ते नीट करत होतो.

भातलावणीच्या दिवसांत मंगल आली.

मंगल वरच्या वाडीची. इकडे लावणीला सावड असते. आज सगळ्यांनी आमच्या वावरात, उद्या सगळ्यांनी मंगलच्या वावरात. दुपारच्या जेवणानंतर ती सूप मागायला भाताच्या खोलीत आली आणि स्नेहाच्या मांडीवर पान उघडं. नेमकी सिंहवाली बाई.

मंगलनं वाकून पाहिलं. "ही बिबट्याचे दात मोजतीय का गं? आमच्या वाडीला पाठव हिला. दोन कुत्री गेली यंदा."

स्नेहाला हसू आवरेना. लग्नानंतर ती अशी मोठ्यानं हसलेली मी प्रथमच ऐकली. मग तिनं मंगलला सांगितलं, की हे मनाशी बोलायला असतं, रोज एक पान काढायचं. मंगलनं विचारलं, मनातलं विचारलेलं सांगतंय का? स्नेहा म्हणाली, तसंच नाही, पण… आणि त्या 'पण'च्या पुढं तिला शब्द सापडेनात. बोलायची सवय मोडली की असं होतं.

आता वाडीच्या लोकांचा कौल कसा असतो ते सांगायला हवं. त्यांच्या देवीच्या दगडाला ओल्या कळ्या चिकटवतात. मनातल्या मनात विचारायचं. उजवीकडची कळी आधी पडली तर काम करायचं, डावीकडची पडली तर नाही. काय विचारलं ते कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की कौल वाया जातो. आणि एका गोष्टीला कौल एकदाच. पण तिथला पुजारी मंगलचा चुलतसासरा. तिथं गेली असती तर का आली, कशासाठी आली, हे संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं असतं.

"दे इकडं," म्हणून तिनं मला घेतलं, डोळे मिटले आणि छातीशी घट्ट धरलं.

डाव्या बाजूला माझ्या कडेला काहीतरी टोचलं. लुगड्याच्या आत, कातडीच्या खाली, खड्यासारखं काहीतरी. मी कागदाचा आहे, मला डॉक्टरकी येत नाही. पण बाईच्या छातीत खडा नसतो, एवढं मलाही कळतं.

नंतर समजलं ते असं. घोडेगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, की ही गाठ आहे, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन तपासून या, उशीर करू नका. मंगलनं घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. तिनं मला विचारलं ते एवढंच. जाऊ का?

तिनं पान काढलं. झाडाला टांगलेला माणूस. पान सरळ होतं. मी शपथेवर सांगतो, सरळच होतं. पण तिनं बघितला तो उलटा माणूस.

"उलटा पडला," ती म्हणाली. "म्हंजी डावा." आणि एक सुस्कारा टाकला. स्नेहा म्हणणार होती, अहो ताई, ते चित्रच तसं आहे. तेवढ्यात बाहेरून जानकाबाईंनी हाक मारली, की सूप शोधताय का विणताय. दोघी उठल्या. बोलणं तिथंच राहिलं.

मी पोत्यामागं पडून राहिलो. माणसांना वाटतं पत्त्यांना सगळं कळतं. कळतं ते एवढंच, आणि तेही सांगता येत नाही.

मंगल कुठंतरी काहीतरी बोलली असणार. आठवड्याभरात तिची सासू साळुबाई मागच्या दाराला आली. हरवलेल्या शेळीचं विचारायचं होतं. जानकाबाईंनी चहा टाकू का विचारलं तर म्हणाली, उपास हाय. साळुबाई आमच्या घरी आली की तिला उपास असतोच, मग वार कुठलाही असो. चहा चालत नाही, पण कौल चालला. पान सरळ निघालं आणि शेळी संध्याकाळी ओढ्याकाठी सापडली. शेळ्या ओढ्याकाठीच सापडतात. पण त्यानंतर बायकांची रीघ लागली. कुणाला मुलाच्या नोकरीचं विचारायचं, कुणाला सुनेच्या दिवसांचं. सगळ्या भागुजी स्टँडवर गप्पा मारायला गेल्यावर यायच्या. जानकाबाई दारात भाजी निवडत पहाऱ्याला बसायच्या. गावातल्या बायका आपल्या दारी येतात, याचं त्यांना कौतुक होतं. "ह्यांना कळू देऊ नका," एवढंच म्हणायच्या.

आणि स्नेहा? प्रत्येकीला ती सांगायची, हे भविष्य नाही. पण इतक्या हळू सांगायची, की ते नम्रतेसारखं वाटायचं. तिच्याकडे कुणीतरी मान वाकवून येत होतं. मी तिला दोष देत नाही. पण त्या दिवसांत सकाळचं पान काढायचं तिनं बंद केलं. मला पिसून पिसून माझे कोपरे मऊ झाले, आणि तिच्या मनात काय चाललंय हे मला कळेनासं झालं.

भात पोटरीला आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. बांधावरचं गवत कापून झालं आणि मंगलनं भारा डोक्यावर घ्यायला हात वर केला, तर डावा हात खांद्याच्या वर जाईना. भारा सुटला. स्नेहा शेजारीच होती. त्या दिवशी दुपारी तिनं मंगलला भाताच्या खोलीत आणलं, दार लावलं आणि काय झालंय ते विचारलं. मंगल आधी हसण्यावारी न्यायला लागली, मग तिनं सगळं सांगितलं. गाठ वाढली होती. काखेतही काही लागत होतं.

"मग गेला का नाहीत?"

"तूच तर न्हाई म्हणालीस."

"मी?"

"तुझ्या पत्त्यानं. उलटा पडला व्हता ना."

स्नेहाचा चेहरा असा झाला, की माझ्यातल्या कुठल्याच पानावर तसा चेहरा नाही. तिनं मला पोत्यामागून ओढून काढलं, भराभरा पानं चाळली, तो टांगलेला माणूस शोधून मंगलपुढं धरला. हा बघा, याचं चित्रच असं आहे, पान सरळच होतं, म्हणजे तुमच्या हिशेबानं उजवा होता, जायलाच पाहिजे होतं.

मला वाटलं, झालं काम. खोटंही नव्हतं ते.

मंगलनं पानाकडं पाहिलंसुद्धा नाही. "आता फिरवतीस व्हय? मी जावं म्हणून सांगतीस. कौल एकदाच असतो, नवरीबाई."

ती उठायला लागली. दार उघडून गेली असती तर पुन्हा कधी आली असती कुणास ठाऊक. स्नेहानं मला बाजूला टाकलं, अगदी उष्ट्या ताटासारखं, आणि तिचा हात धरला.

"ताई, तो माणूस उलटा दिसला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटायचं?"

"पहिलं काय वाटलं ते सांगा."

मंगल बराच वेळ पोत्याचा सुतळीचा टाका उसवत बसली. मग म्हणाली, "बरं वाटलं."

"का?"

"आता जायला नगं म्हणून." आणि मग एकदम, एका दमात, "कुठं जायचं गं त्या पुण्यात? कुणाला विचारायचं? नवऱ्याला सांगितलं तर तो रडत बसंल, सासूला सांगितलं तर ती वाडीभर करंल. तिथं उघडं करून बघत्यात म्हणं. मी एकटीनं कसं दाखवू?"

मला त्या दिवशी विचारलं होतं ते 'जाऊ का'. खरा प्रश्न हा होता. तो कुठल्याच पानावर छापलेला नाही.

स्नेहा म्हणाली, "मी येते."

म्हणायला सोपं होतं. लग्नाला सहा महिने न झालेल्या सुनेनं दिवसभर पुण्याला जायचं, तर घरात सांगायला हवं. संध्याकाळी भागुजी ओट्यावर बसले होते, जानकाबाई तांदूळ निवडत होत्या. स्नेहानं सांगितलं, मंगलताईंच्या छातीत गाठ आहे, उद्या त्यांना घेऊन जायचंय. भागुजींनी विचारलं, डॉक्टरांनी केव्हा सांगितलं? लावणीच्या वेळी, ती म्हणाली. मग इतके दिवस थांबली कशासाठी?

इथं ती गप्प बसू शकली असती. घाबरल्या होत्या, म्हणाली असती तरी चाललं असतं. ती आत आली, मला ओढणीसकट उचललं आणि सासऱ्यांच्या पुढं ओट्यावर ठेवलं. जानकाबाईंचा हात तांदळात थांबला.

भागुजींनी अंगठा ओला करून माझी पानं एक एक करून काढली, तिकिटं तपासावीत तशी. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या बापानं देव भर दुपारी नदीवर नेले. काठावर लोक शिव्या देत व्हते, तरी रात्रीच्या अंधारात न्हाई नेले. आन् माझ्या घरात मागच्या दारानं कौल लागतोय."

मग त्यांनी मान वर करून स्नेहाकडं बघितलं.

"तुझा इश्वास हाय यावर?"

"भविष्यावर नाही, बाबा. चित्र बघितलं की मनातलं बाहेर येतं. इथं कुणाशी बोलायचं ते मला अजून जमलं नाही."

"मंगलच्या मनातलं आलं का भाईर?"

"आलं. पत्ते बाजूला ठेवले तेव्हा."

त्यांनी मला बंद केलं. रागावले होते, पण कुणावर ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं. शेवटी बोलले ते कंडक्टर होऊन. "पहिल्या गाडीनं जा. पुढं बसा, मागच्या सीटवर लई आदळतं, तिला सोसायचं न्हाई. आन् जुनं कार्ड, चिठ्ठ्या, सगळं बरोबर घ्या, न्हाईतर तिथं परत पाठवत्यात." मग जानकाबाईंकडे न बघता म्हणाले, "तुमी दाराला बसून भाजी लई निवडली. आता पुरे."

मला त्यांनी आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत टाकलं. माझं काय करायचं ते मंगलचं मार्गी लागल्यावर बघू, म्हणाले.

तेव्हापासून मी इथं आहे. नदीत टाकलं नाही, चुलीत घातलं नाही. ट्रंकेला कुलूप नाही, पण स्नेहानं मला काढलं नाही. मंगलच्या तपासण्या झाल्या, दर खेपेला स्नेहा बरोबर गेली. सकाळी ती अजून भाताच्या खोलीत येते, ट्रंक तिथंच आहे. पोत्यावर बसून मंगलला फोन लावते. झोप लागली का विचारते, भीती वाटली का विचारते, आणि मग पलीकडची बोलते तितका वेळ गप्प बसून ऐकते. मध्ये एकदा आपलंही सांगताना ऐकलं, की कपिल रविवारी उठल्यावर आता निदान तासभर बोलतो. बोलतो म्हणजे ऐकतो, म्हणाली.

आज मंगलचं ऑपरेशन होतं. स्नेहा आणि मंगलचा नवरा पुण्यात. भागुजी सकाळपासून फाटकापाशी उगाच उभे. दुपारी जानकाबाई भाताच्या खोलीत आल्या, ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढलं. मला पिसायला त्यांना जमत नाही. दोन्ही हातांत धरून डोळे मिटले, ओठ हलले. मला मंगलचं नाव ऐकू आलं.

असं करू नका, मी म्हणत होतो. माझ्याकडं ते नाही. दिल्लीच्या छापखान्यात मशीनवाल्यानं मला कापलं तेव्हा शिनोली कुठं आहे हे त्याला माहीत नव्हतं, मंगल कुठली माहीत असायला.

फोन वाजला. त्या दचकल्या आणि मी हातातून सुटलो. खोलीभर पानं पडली. सरळ, उलटी, पालथी. सगळे कौल एकदमच लागले.

त्यांनी खाली बघितलं नाही. फोन कानाला लावून ऐकत राहिल्या. "हं… हं… काखंतलं बी काढलं?… सुद आली का?… मग पुढं किती इंजेक्शनं?… आन् गुण येईल म्हणत्यात का?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकलं. "बरं. आठ दिवसांनी कळंल तर कळंल. तू जेवलीस का?… न्हाई गं बाई, मी कशाला पत्त्याला हात लावू." माझ्या पानांमध्ये उभं राहून त्या हे म्हणाल्या.

मागच्या दारात साळुबाई उभी होती. कधीची आली होती कुणास ठाऊक. जमिनीवरची पानं तिनं पाहिली आणि तिचा आवाज चिरका झाला.

"काय निघालं जानका? उजवा का डावा?"

जानकाबाईंनी फोन कमरेला खोचला. "पत्त्याचं न्हाई सांगत, आक्का. पोरीनं डॉक्टरला विचारून सांगितलंय. चांगलं बी हाय, वाईट बी हाय. तुमी आत या, बसा. समदं सांगते."

साळुबाई माझ्यावरून पाय टाकून आत आली. तिच्या लक्षातही आलं नाही. दोघी पोत्यांना टेकून खाली बसल्या आणि जानकाबाईंनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

मी अजून खालीच आहे. सिंहवाली बाई दाराजवळ आहे, तो टांगलेला माणूस कुठं गेला दिसत नाही. कुणाला सवड झाली की उचलतील. नाही उचललं, केरात गेलो, तरी तक्रार नाही. फक्त तुमच्याकडं माझ्यासारखा एखादा कॅट असेल तर त्याच्या वतीनं सांगतो. पान काढा, बघा, आणि पोटात काय हललं ते स्वतःशी खरं बोला. हो का नाही, हे मात्र आम्हाला विचारू नका. आणि कुणी आम्हाला छातीशी धरून डोळे मिटले, तर आधी तिच्याजवळ बसा आणि तिला विचारा.

पोत्यांपाशी साळुबाई रडतेय. जानकाबाई थांबल्या आहेत, तिचं रडणं होईपर्यंत.